कारणाचा रकाना

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी अडीच वाजता माझ्या संगणकावर आगीचा ठिपका आला. ठिपका येरमटोल्याच्या जंगलात होता. येरमटोला वनरक्षक सगुणा नैताम यांच्या बीटमध्ये येत होतं. सगुणाबाई त्या वेळी माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. त्यांनी ठिपक्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तिथी माह्या यायाचा मोहा आहे."

याया म्हणजे गोंडीत आई.

मी वनपरिक्षेत्र कार्यालयात लिपिक आहे. मूळचा सावली तालुक्यातला, धानाच्या बांध्यांत वाढलेला. जंगल मला आधी पुस्तकांतून माहीत झालं आणि नंतर फायलींतून. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत आगीचं टेबल माझ्याकडे असतं. उपग्रह वरून जातो, त्याला कुठेतरी ऊब दिसते, आणि काही वेळाने आमच्याकडे निरोप येतो. मी त्या बीटच्या गार्डला फोन लावतो. आग विझली की गार्ड येऊन आगीच्या रजिस्टरमध्ये नोंद करतो. कक्ष क्रमांक, वेळ, जळालेलं क्षेत्र, नुकसान, आणि शेवटी कारण.

सगुणाबाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते या रजिस्टरवर वाकलेलं. नव्याने आमच्याकडे बदलून आल्या होत्या. नोंद करण्याआधी त्यांनी मागची पानं उलटायला घेतली. एकेक पान, बोट रकान्यावर ठेवून. मी म्हटलं, बाई, उशीर होतोय. त्यांनी मान वर केली नाही.

"बाबू, हा अज्ञात कोन्या गावचा आहे?"

"कोण?"

"हा पाहा ना. याही पानावर तोच, त्याही पानावर तोच. इतक्या साली आगी लावून राह्यला अन एकाले सापडला नाई."

कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'अज्ञात' लिहिलेलं होतं. मला हसू आलं. त्या हसत नव्हत्या. पेन उघडून त्यांनी आपल्या आगीचं कारण लिहिलं: बकऱ्या चारणाऱ्याने विडी विझवली नाही. जमिनीत खिळे ठोकावेत तसं त्यांचं अक्षर होतं, एकेक सुटं. त्यांच्या बीटमध्ये नंतर कधीही 'अज्ञात' लिहिलं गेलं नाही.

अज्ञात का लिहितात, हे मला आधीपासून माहीत होतं. कारण लिहिलं की माणूस येतो, माणूस आला की गुन्हा येतो, गुन्हा आला की पंचनामा, साक्षीदार, तारखा. शिवाय ज्या गावात रोज फिरायचं, त्या गावाशी वैर. अज्ञात लिहिलं की रजिस्टर बंद होतं आणि सगळे घरी जातात. यात कुणी फार वाईट नव्हतं. काम असंच चालत आलं होतं.

त्या मात्र कारण शोधत. आग विझल्यावर बाकीचे पाणी प्यायला बसत, तेव्हा सगुणाबाई जळालेल्या जागेत उलट चालत जात. मी एकदोनदा पंचनाम्यासाठी सोबत गेलो आहे. खाली बसून राख चिमटीत घेत. पांढरी असेल तर आग सावकाश जळत आली, काळी असेल तर पळत गेली. झाडाच्या खोडावर कोणत्या अंगाला काजळी उंच चढली आहे ते पाहत. असं करत करत आग जिथून सुरू झाली त्या जागी येऊन थांबत. तिथे कधी विडीचं थोटूक असे, कधी नवी पानं फुटावीत म्हणून छाटलेले तेंदूच्या झुडपांचे बुंधे, कधी मधाच्या पोळ्याखालची मशाल. आणि मार्च-एप्रिलमध्ये बहुतेक वेळा मोहाचं झाड.

आणखी एक सवय सांगायची म्हणजे माती. कुठेही गाडीवरून उतरल्या की आधी वाकून चिमूटभर माती घेत आणि डोक्याइतक्या उंचीवरून सोडत. ती कोणीकडे जाते ते पाहत. आमच्या ऑफिसच्या आवारातही. साहेबांनी एकदा खिडकीतून पाहून मला विचारलं होतं, ही बाई रोज काय टाकते? मी सांगितलं, वारा बघतात. साहेब म्हणाले, इथे? मी म्हटलं, हो, सवय आहे.

उन्हाळाभर त्यांच्या गाडीच्या हँडलला आंबिलीची बाटली असे आणि मागे हिरव्या डहाळ्यांची पेंडी बांधलेली. विझवायला डहाळी लागते. विभागाने पाला उडवायची यंत्रं दिली होती, ती त्या वापरत. "पन पेट्रोल सरते बाबू. डहाळी सरत नाई."

येरमटोल्यात त्यांनी एक नियम केला होता. तो कोणत्याही परिपत्रकात नव्हता. सांगन त्याले राखन, लपवन त्याले केस. म्हणजे ज्याच्या हातून आग लागली त्याने ग्रामसभेत उभं राहून स्वतः सांगायचं. सांगितलं तर गुन्हा नाही, पण पाऊस लागेपर्यंत त्याने जंगलाची राखण करायची. लपवलं आणि त्यांनी शोधून काढलं, तर गुन्हा.

पहिला उभा राहिला तो डोमाजी. मध काढताना त्याची मशाल खाली पडली होती. ग्रामसभेला कार्यवृत्त लिहायला मी गेलो होतो. डोमाजी उठला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "आग मी लावली. मुद्दाम नाई लावली. माश्या चावल्या म्हनून हात सुटला."

मागून एक बाई म्हणाली, "माश्याहिले बी राखन द्या मंग."

सगळे हसले. डोमाजीही हसला, आणि मग जूनपर्यंत टेकडीवर बसला. त्या साली येरमटोल्यातल्या आगी लवकर कळल्या, कारण कळवणारी माणसं गावातलीच होती. सगुणाबाई प्रत्येक नोंदीत कारण लिहीत आणि पुढे लिहीत, ग्रामसभेने राखण दिली. हे नियमात बसत नव्हतं. साहेबांना माहीत होतं. तेव्हाचे साहेब पाहून न पाहिल्यासारखं करत.

पुढच्या वर्षी साहेब बदलले आणि वरून आदेश आला. जंगलात कोणत्याही कारणासाठी आग नाही. मोहाखालचा पालाही जाळायचा नाही. ठिपका दिसला की चोवीस तासांत गुन्हा. प्रत्येक गार्डने तसं लिहून सही करायची. मोह वेचणाऱ्यांना झाडाखाली अंथरायला जाळ्या देण्यात येतील, असंही आदेशात होतं. आदेश आला. जाळ्या आल्या नाहीत. मी तीन स्मरणपत्रं टाइप केली.

मोहाखाली पाला का जाळतात, हे मला त्या सहीच्या दिवशी सगुणाबाईंनी सांगितलं. मोहाचं फूल पिवळट पांढरं. पहाटे गळतं. वाळक्या पानांत पडलं की दिसत नाही, आणि पान उचलावं तर खाली विंचू. जमीन जाळून काळी केली की फुलं वेगळी दिसतात. म्हाताऱ्या डोळ्यांनाही दिसतात. "माह्या यायाले आता काळ्यावरच दिसते," त्या म्हणाल्या. मग सही केली. येरमटोल्यात जाऊन त्यांनी मनाई सांगितली. सगळ्यात आधी आपल्या घरी सांगितली.

त्या मंगळवारी तालुक्याला वणवा प्रतिबंधाची बैठक होती. सगळे गार्ड आले होते. बैठक संपवून सगुणाबाई माझ्याकडे कागद द्यायला आल्या आणि ठिपका आला.

मी येरमटोल्यात फोन लावत होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "चला बाबू. पंचनाम्याले मानूस लागन." मी त्यांच्या गाडीवर मागे बसलो. डहाळ्यांची पेंडी माझ्या पाठीला टोचत होती. रस्त्यात त्या एकदाच बोलल्या. "दुपारी कोनी जाळत नाई. याया तं कधीच नाई." माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कळलं नाही.

गाव यायच्या आधी धूर दिसला. उतरल्या, माती घेतली, सोडली. माती पूर्वेला गेली. पूर्वेला टेकडी होती आणि टेकडीवर ग्रामसभेचा बांबू. गावाने त्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या हक्काने तोडायचा ठरवलेला. खाली वीसेक माणसं डहाळ्या घेऊन उभी होती. डोमाजी पुढे होता, भुवया जळालेल्या.

"समोरून नाई जमत बाई," तो म्हणाला. "अंगावर येते."

त्यांनी आगीकडे पाहिलं आणि मग टेकडीच्या पायथ्याशी नाल्यापासून बैलगाडीच्या वाटेपर्यंत बोट फिरवलं. एवढा पट्टा साफ करायचा. पाला ओढायचा, माती उघडी करायची. माणसं कामाला लागली. मीही लागलो. माझ्या हातून फार झालं असेल असं नाही. पट्टा झाल्यावर त्यांनी आगीच्या बाजूच्या कडेला दहा-दहा हातांवर माणसं उभी केली. प्रत्येकाच्या हातात पेटता टेंभा. समोरून येणाऱ्या आगीला आपल्याकडून आग लावायची, म्हणजे मधलं सगळं जळून जातं आणि तिला पुढे खायला उरत नाही. पण लवकर लावली तर वारा तीच आपल्यावर उलटवतो. मोठी आग जवळ आली की ती हवा आपल्याकडे ओढते. तेव्हाच लावायची.

"थांबा," त्या म्हणाल्या.

आग दिसत होती. पानांचा आवाज येत होता. एका पोराने टेंभा खाली नेला.

"अजून नाई. मी सांगाच्या आधी ज्यानं लावली त्याले मी इथीच ठेवन."

त्यांच्या हातात माती होती. सोडली. माती आमच्याच दिशेने आली. पुन्हा घेतली, सोडली. पुन्हा आमच्याकडे. माझ्या शेजारचा माणूस तोंडातल्या तोंडात काही म्हणत होता. चेहऱ्याला झळ लागायला लागली. कुठेतरी एका सुट्या बेटातल्या बांबूची पेरं फुटली, बंदूक उडाल्यासारखी. तिसऱ्यांदा माती सोडली. ती क्षणभर खाली आली आणि मग आगीकडे वळली.

"लावा."

अर्ध्या तासात दोन्ही आगी एकमेकींना भेटल्या आणि खाली बसल्या. बांबू वाचला. डोमाजी जमिनीवर आडवा झाला. कुणीतरी त्याला पाणी दिलं, त्याने ते डोक्यावर ओतलं.

सगुणाबाई उलट चालायला लागल्या. नेहमीसारखं राखेला हात लावून पाहिलं नाही. सरळ गेल्या. मी मागे होतो.

मोहाखाली त्यांची आई बसली होती. रुकमीबाई. शेजारी रिकामी टोपली. लुगड्याचा काठ जळाला होता आणि हातात झाडू होता. झाडाभोवती अर्धी जागा झाडलेली, अर्धी तशीच.

"दुपारी जाळते का कोनी?" सगुणाबाई म्हणाल्या.

म्हातारीने वर पाहिलं नाही. "नाई जाळत."

"मंग?"

"संध्याकाळी जाळत होतो आमी. वारा बसला का. चौघीजनी राहत, चारी बाजूनं. तुनंच बंद केलं. संध्याकाळी तू गावात राहते. धूर दिसते तुले. तू मिटिंगले गेली तवा आली मी."

"अन एकटी आली?"

"दुसरीले आनलं असतं तं तिच्यावर बी केस केली असती तुनं."

सगुणाबाई तिच्यासमोर बसल्या. मी बाजूला झालो. मग मला ऐकू आलं, "लागलं का कुठी?" म्हातारी म्हणाली, "लुगडं गेलं." आणि थोड्या वेळाने सगुणाबाई म्हणाल्या, "मंग आग तं मीच लावली ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसभा बसली. कुणी बोलावलं नव्हतं, सगळे आले. रुकमीबाई काठी टेकत उभी राहिली आणि तिने सांगितलं, जसं मुलीला सांगितलं होतं तसंच. कुणी हसलं नाही. आदेश सगळ्यांना माहीत होता. चोवीस तासांतले सोळा गेले होते.

डोमाजी म्हणाला, "गार्डबाई, आता काय? मायले राखन का मायवर केस?"

मागून कुणी म्हणालं, "माय आहे म्हनून राखनच भेटन."

दुसरा म्हणाला, "अन केस केली तं उद्या कोन सांगन इथी?"

सगुणाबाई उठल्या. गणवेशावर कालची काजळी तशीच होती. "माय आहे म्हनून नाई. तिनं सांगितलं म्हनून राखन. डोमाजीले दिली तशीच." मग थांबून म्हणाल्या, "साहेबाले मी पाहीन. पन यंदा मले तुमच्याकडून लिहून पाह्यजे."

त्या दिवशी येरमटोल्याने ठराव केला. मोहाखालचा पाला संध्याकाळी, वारा पडल्यावर जाळायचा. आधी भोवताल झाडायचं. चौघींनी उभं राहायचं. त्याआधी गार्डला कळवायचं. विझल्यावर राखेवर पाणी. आणि हे करायची विभागाने लेखी परवानगी द्यावी. ठराव माझ्या अक्षरात आहे. खाली सह्या आणि अंगठे. रुकमीबाईचा अंगठा पहिला. त्या दिवसापासून ती पत्र्याचा डबा घेऊन अंगणात बसायची आणि धूर दिसला की डबा वाजवायची. स्वयंपाकाच्या धुरालाही वाजवायची. लोक चिडायचे.

त्याच संध्याकाळी सगुणाबाईंनी रजिस्टर मागितलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ लिहीत होत्या. कारणाच्या रकान्यात मावेना तेव्हा पानाच्या कडेला लिहिलं:

'मोहफूल वेचण्यासाठी पाला जाळला. आधी संध्याकाळी, चौघी मिळून जाळत. मनाईमुळे दुपारी, एकटीने, लपून जाळला. जाळणारी रुकमी नैताम. मनाई सांगणारी सगुणा नैताम, वनरक्षक.'

ठराव त्याला जोडला. "हे वर गेलं पाह्यजे बाबू. कारन समजलं का नियम बदलन." इतक्या विश्वासाने कागदाबद्दल बोलणारं माणूस मी आमच्या ऑफिसात पाहिलं नव्हतं.

साहेबांनी नोंद दोनदा वाचली. ते रागावले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो. म्हणाले, "ही अशी वर गेली तर तिच्या आईवर गुन्हा होईल. गुन्हा का केला नाही म्हणून हिची चौकशी होईल. आदेशामुळे आग लागली असं हिने लिहून दिलंय." मग माझ्याकडे पाहिलं. "वार्षिक गोषवारा तुम्हीच करता ना? त्यात एक शब्द घाला. सगळे वाचतील."

मी विचार करायला वेळ मागितला नाही. मला वाटलं, मी सगुणाबाईंना वाचवतोय. मी गोषवाऱ्यात कक्ष क्रमांक लिहिला, वेळ लिहिली, क्षेत्र लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. ठराव मात्र त्यांच्या समाधानासाठी वेगळ्या पत्राने वर पाठवला.

उत्तर पावसाळ्यानंतर आलं. सदर परिक्षेत्रात मोहफूल वेचणीमुळे आग लागल्याची नोंद आढळून येत नाही. सबब परवानगीचा विचार करण्याची आवश्यकता नाही.

सगुणाबाईंनी ते माझ्या टेबलाशी उभं राहून वाचलं. "नोंद नाई म्हंते," त्या म्हणाल्या. "मी तं लिवली." मग गोषवाऱ्याची प्रत मागितली. मी दिली. त्यांनी पानं उलटली नाहीत, बोटाने थेट ती ओळ काढली. बोट तिथेच ठेवून उभ्या राहिल्या. मी काहीतरी बोलायला लागलो, तुमच्यावर चौकशी आली असती, रुकमीबाईंचं वय. त्यांनी ऐकून घेतलं.

"अक्षर चांगलं आहे बाबू," एवढंच म्हणाल्या, आणि प्रत बंद करून परत दिली.

त्या वर्षीच्या बदल्यांत त्यांचं नाव आलं. बल्लारपूरकडच्या एका लाकूड आगारात. जंगल नाही, कापून आणलेल्या सागाच्या थप्प्या, आणि मागे रेल्वे. पुढच्या उन्हाळ्यात एका कागदावर सही घ्यायला मी तिथे गेलो. दुपार होती. त्या थप्प्यांमधून चालत आल्या, सही केली, रुकमीबाईचं सांगितलं, डोळ्यांचं ऑपरेशन झालं म्हणाल्या. मी निघालो. फाटकापाशी वळून पाहिलं, तर त्या दोन थप्प्यांच्या मध्ये वाकल्या होत्या. चिमूटभर माती उचलली, डोक्याइतक्या उंचीवरून सोडली. माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा ओरडून विचारलं, "अज्ञात भेटला का मंग?"

त्या हसत होत्या. मला हसता आलं नाही. मी हात केला आणि स्टेशनची वाट धरली.

पाऊस लागल्यावर त्या धानाच्या रोवणीसाठी येरमटोल्यात गेल्या होत्या. ताप आला. नाल्याला पूर होता, दोन दिवस गाडी निघाली नाही. मेंदूचा मलेरिया, डॉक्टर म्हणाले. त्या गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं.

येरमटोल्यात आता मोहाखालचा पाला संध्याकाळी जाळतात. चौघी उभ्या असतात. त्याला परवानगी नाही. नवा गार्ड त्या वेळी दुसऱ्या बाजूला फिरतो. रुकमीबाई आहे. वर गेलेल्या गोषवाऱ्यात माझ्या अक्षरात 'अज्ञात' आहे. मूळ रजिस्टर माझ्या कपाटात आहे, आणि त्यात कारण लिहिलेलं आहे.